दिसला नाही म्हणजे गेला का? : वळवाच्या दिवसांतलं पक्षीनिरीक्षण

पक्षी बघायचे तर हिवाळ्यात, असं कोणीही सांगतं. डिसेंबर-जानेवारीत भिगवणला गाड्यांची रांग लागते, होस्टेलवरूनही दोन-तीन ग्रुप जाऊन येतात, रोहित पक्ष्यांचे फोटो काढले जातात आणि फेब्रुवारी संपला की उसनी आणलेली दुर्बीण परत होते. पुढे सबमिशन, ओरल, पीएल. शिवाय मार्च ते मे हवेचा काही भरवसा नसतो. पहाटे स्वेटर, दुपारी घामाच्या धारा आणि संध्याकाळी गारा. मग जायचं कशाला?

जायचं यासाठी, की पक्ष्यांच्या वर्षातली सगळ्यात मोठी उलथापालथ याच तीन महिन्यांत होते. हिवाळी पाहुणे परत निघतात, इथले रहिवासी घरटी बांधतात आणि पावसाळी पाहुणे यायला लागतात. हिवाळ्यात पक्षी खूप दिसतात, पण बरेचसे तेच ते दिसतात. वसंतात दर आठवड्याला यादी बदलते. आणि ती बदलते आहे हे कळायला, काहीही न दिसण्याची तयारी ठेवून पुन्हा पुन्हा जावं लागतं. हवा बिघडलेली असताना हे कसं करायचं, कधी करायचं आणि कधी अजिबात करायचं नाही, एवढाच या लेखाचा विषय. उदाहरणं पुणे आणि आसपासची घेतली आहेत. बाकीच्यांनी आपापल्या गावचं तळं आणि टेकडी घालून वाचावं.

हवा अशी का वागते

हवामान खातं मार्च, एप्रिल आणि मे हे तीन महिने मान्सूनपूर्व काळ म्हणून मोजतं. मार्चमध्ये पुण्याला दुपारचं तापमान ३५-३६ अंशांवर जातं आणि पहाटेचं १५ च्या आसपास असतं. एकाच दिवसात वीस अंशांचा फरक! जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उठते. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी थंड होते. हवेत बाष्प नसेल तर गोष्ट तिथेच संपते. पण अरबी समुद्राकडून किंवा बंगालच्या उपसागराकडून ओलावा आत आला असेल, तर त्याच उठणाऱ्या हवेतून ढग तयार होतात आणि दुपारी तीननंतर ते गडगडायला लागतात. हाच आपला वळीव. भूगोलाच्या पुस्तकातल्या आम्रसरी त्याच.

ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा एक सोपा हिशेब आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला सुमारे १२५ मीटर धरायचे. तापमान ३६ आणि दवबिंदू १६ असेल तर फरक २० अंशांचा, म्हणजे तळ साधारण अडीच हजार मीटरवर. दोन्ही आकडे मोबाइलवर मिळतात. दवबिंदू रोजच्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर गेलेला दिसला, की त्या दिवशी दुपारचा बेत करू नये. 'पावसाची शक्यता ३० टक्के' या वाक्यापेक्षा हा आकडा मला जास्त उपयोगी वाटतो. ते तीस टक्के नेमके कुठल्या तळ्यावर कोसळणार, हे काही त्यात लिहिलेलं नसतं.

दुसरी खूण दिशेची. मान्सून आपल्याकडे पश्चिमेकडून येतो, पण वळीव बहुतेक वेळा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून चढतो. त्यामुळे पश्चिमेला तोंड करून मावळतीचे फोटो काढत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे काय तयार होतंय, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

हवा बदलली की पक्षी कुठे जातात

आधी साधी, निरभ्र, तापलेली सकाळ घ्या. मार्चच्या मध्यात सूर्य पावणेसातला उगवतो, मेच्या मध्यात सहाच्या सुमारास. उजाडल्यापासून पहिले दोन तास पक्षी भरपूर बोलतात. दयाळ शेंड्यावर बसून शीळ घालतो, तांबट एकसुरी 'टुक टुक' करत राहतो, कोकीळ तर आपल्याला झोपूही देत नाही. नऊनंतर सगळं मंदावतं. साडेदहाला आरामात उठून, नाश्ता उरकून टेकडीवर जाणारे म्हणतात, "इथे काही पक्षीच नाहीत." पक्षी असतात हो, ते सावलीत चोच उघडी टाकून बसलेले असतात. कुत्र्यासारखंच आहे. पक्ष्यांना घाम येत नाही, त्यामुळे श्वासावाटे पाणी उडवूनच त्यांना अंग थंड ठेवावं लागतं.

ढगाळ सकाळ मात्र वेगळी. ऊन चढत नाही, त्यामुळे लहान पक्ष्यांची लगबग दहा-अकरापर्यंत चालू राहते. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तक, हळद्या, शिंजीर हे सगळे अशा सकाळी जास्त वेळ हाती लागतात. शिकारी पक्ष्यांचं उलटं. घारी, गरुड आणि मधुबाज तापलेल्या हवेच्या वर उठणाऱ्या झोतांवर पंख न हलवता चढतात. निरभ्र दिवशी साडेनऊ-दहाला हे झोत सुरू होतात आणि घारी गोल गोल फिरत वर जाऊ लागतात. ढगाळ दिवशी झोत कमजोर, त्यामुळे त्या खांबांवर नाहीतर झाडांवर बसून राहतात. म्हणजे आज काय बघायला जायचं हे आकाशाकडे बघून ठरवता येतं. ढगाळ असेल तर झाडी, निरभ्र असेल तर आधी झाडी आणि मग उघडी टेकडी.

वारा हा सगळ्यात त्रासदायक. पानांच्या सळसळीत बारीक आवाज बुडतात, फांद्या हलत असल्यामुळे पक्ष्याची हालचाल वेगळी कळत नाही आणि छोटे पक्षी झुडपाच्या आडोशाच्या बाजूला जाऊन बसतात. अशा वेळी आपणही आडोशाच्या बाजूनेच चालावं. टेकडीची जी बाजू वाऱ्याला पाठ करून आहे तिथे त्याच वेळी दुप्पट पक्षी मिळतात. तळ्यावर शेकाटे आणि तुतवार वाऱ्याकडे तोंड करून उभे असतात. म्हणजे वारा आपल्या पाठीशी असेल तर सगळ्यांचे चेहरे आपल्याकडे असतात. फोटोवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

फुललेली झाडं ही तर वसंतातली मेसच. फेब्रुवारीअखेर ते मार्च पळस आणि सावर, त्यापाठोपाठ पांगारा. एका पळसाखाली अर्धा तास उभं राहिलात तर शिंजीर, बुलबुल, कोतवाल, साळुंक्या आणि नशीब असेल तर हरेवा, सगळे एकाच ताटावर दिसतात. भोरड्या, म्हणजे पळसमैना, या दिवसांत थव्याने येतात. गुलाबी अंग, काळं डोकं. एप्रिलमध्ये त्या मध्य आशियाकडे निघतात, तिथे मे-जूनमध्ये पिल्लं वाढवतात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातच परत यायला सुरुवात करतात. एवढ्या लांब जाऊन इतक्या लवकर परत! एका सेमिस्टरपेक्षाही कमी काळात हे सगळं होतं. गारपिटीने पळसाची फुलं एका संध्याकाळीत झडली, तर दुसऱ्या दिवशी तो थवा त्या झाडावर नसतो. पण तो देश सोडून गेला असंही नसतं. दोन किलोमीटरवरच्या फुललेल्या पांगाऱ्यावर तो सापडू शकतो.

आणि वळवाची दुसरी सकाळ. ती मात्र सोडू नका. धूळ बसलेली असते, लांबचं स्वच्छ दिसतं, हवा गार असते, डबक्यांत पाणी साचलेलं असतं आणि पक्षी त्यात अंघोळी करत असतात. पाऊस बऱ्यापैकी झाला असेल तर वारुळांतून पंख फुटलेल्या वाळव्या बाहेर पडतात. मग कोतवाल, वेडे राघू, साळुंक्या, कावळे, पाकोळ्या आणि कधीकधी घारीसुद्धा त्या मेजवानीला हजर होतात. यासाठी कुठे लांब जावं लागत नाही. मेसमागचं मैदान पुरतं.

आता पट्टकदंबाबद्दल थोडं सविस्तर, कारण हा पक्षी इंजिनिअरिंगवाल्यांसाठीच घडवलेला आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर येतो आणि वसंताच्या सुरुवातीला हिमालय ओलांडून परत जातो. त्याच्या अंगावर उपकरणं लावून केलेल्या अभ्यासांत सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीच्या नोंदी मिळाल्या आहेत. आधी लोकांना वाटायचं, की दुपारी डोंगरावरून वर चढणाऱ्या वाऱ्याचा तो फायदा घेत असेल. नोंदी उलट निघाल्या. तो बहुतेक वेळा रात्री आणि पहाटे उडतो, म्हणजे ते वारे पडलेले असताना. का? थंड हवा जास्त दाट असते. ४० अंशांच्या हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के कमी भरते. घनता जास्त तर पंखाला मिळणारी उचल जास्त आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही जास्त. शिवाय रात्रीची हवा शांत असते, हेलकावे कमी. फुकटच्या धक्क्यापेक्षा भरवशाची दाट हवा त्याला परवडते. वाऱ्याचं गणित आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पास होण्यापुरतं करतो, त्याला त्यावर हिमालय ओलांडायचा असतो.

पावशाबद्दलही एक सांगायला हवं. मार्चपासून त्याची 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' सुरू होते आणि गावाकडे लोक ती पावसाची वर्दी समजतात. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, कावळ्याने घरटं अमुक झाडावर बांधलं तर कमी, असेही ठोकताळे आहेत. हसण्यासारखं यात काही नाही, पण मान डोलावण्यासारखंही नाही. पावशा ओरडतो कारण त्याचा विणीचा हंगाम आलेला असतो आणि तो हंगाम पावसाच्या आधी येतो. टिटवीच्या अंड्यांची उंची आणि त्या वर्षीचा जून ते सप्टेंबरचा पाऊस, हे दोन आकडे कोणी दहा-पंधरा वर्षं शेजारी शेजारी लिहून ठेवले तर काय ते दिसेल. फायनल इयर प्रोजेक्टपेक्षा जास्त वेळ लागेल, एवढीच अडचण.

'नाही दिसला' याचा हिशेब

हिवाळी पक्षी आल्याची तारीख लिहिणं सोपं असतं. ऑक्टोबरमध्ये एक दिवस धोबी ग्राउंडवर शेपटी हलवताना दिसतो, आपण तारीख टाकतो. गेल्याची तारीख मात्र अशी मिळत नाही. २० मार्चला धोबी दिसला, एवढंच आपल्याला माहीत असतं. तो शेवटचा होता हे कळण्यासाठी २७ मार्चला जावं लागतं, ३ एप्रिलला जावं लागतं आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परत यावं लागतं. त्या रिकाम्या फेऱ्याच तारखेला तारीखपण देतात.

इथे हवा मध्ये येते. लाल कंठाचा माशीमार घ्या. चिमणीहून लहान, शेपूट वर उचलणारा, 'टर्रर्र' असा कोरडा आवाज करणारा हा हिवाळी पाहुणा कॉलेजच्या आवारातल्या जुन्या झाडांत असतो. लाल गळा फक्त नराचा. समजा, तो आवारात असताना शांत सकाळी एका फेरीत तो आपल्याला सापडण्याची शक्यता ०.७ आहे. (आकडे मानलेले आहेत, रीत खरी आहे.) प्रत्येक फेरी स्वतंत्र धरली, तर तो असूनही सलग तीन शांत सकाळी न सापडण्याची शक्यता ०.३ चा घन, म्हणजे ०.०२७. शंभरात तीनपेक्षा कमी. म्हणजे तीन रिकाम्या सकाळींनंतर 'गेला' म्हणायला हरकत नाही.

आता त्याच तीन फेऱ्या सोसाट्याच्या वाऱ्यात झाल्या असं समजा. आवाज बुडाला, फांद्या हलताहेत, सापडण्याची शक्यता ०.२ वर आली. तो असूनही तीनदा न सापडण्याची शक्यता ०.८ चा घन, म्हणजे ०.५१. नाणं उडवल्यासारखंच झालं. अशा वाऱ्यात पाच टक्क्यांच्या खाली यायला चौदा फेऱ्या लागतील. वहीत मात्र दोन्हीकडे एकच शब्द असतो: 'नाही'. शेजारी वारा, ढग आणि वेळ लिहिली नसेल तर हे दोन 'नाही' नंतर कोणालाही वेगळे करता येणार नाहीत.

म्हणून हवामानाची नोंद ही वहीतली सजावट नाही, ती मापनातलीच एक संख्या आहे. लॅबमध्ये रीडिंगबरोबर तापमान का लिहून घेतात हे ज्यांना कळलं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आजच्या मोठ्या नोंदपद्धतीही याच पायावर उभ्या आहेत. ई-बर्डवर यादी टाकताना सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती किलोमीटर आणि ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का, हे विचारतात. सगळे लिहिले असं सांगितलं तरच त्या यादीत नसलेला पक्षी 'दिसला नाही' म्हणून मोजता येतो. अशा हजारो लोकांच्या याद्यांवरून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये निघाला. फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवसांची जी गणना होते, तिच्यात कॉलेजांच्या आवारांसाठी वेगळी 'कॅम्पस बर्ड काउंट' असते. तीत भाग घेऊन थांबणारे पुष्कळ असतात. तीच यादी, त्याच रस्त्याने, मेअखेरपर्यंत दर आठवड्याला करणारे फार थोडे.

वीज आणि पाणी

एवढं सगळं वाचून कोणी भर दुपारी ढगाखाली उभा राहू नये म्हणून हा भाग.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यात ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. उन्हाळ्यात पाणी उतरतं, धरण 'मायनस'मध्ये जातं, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला चिखलाची मैदानं उघडी पडतात आणि रोहित, चित्रबलाक, नदी सुरय हे सगळे तिथे गोळा होतात. म्हणजे पक्ष्यांसाठी मार्च-एप्रिल-मे उत्तम. पण हीच वादळांचीही वेळ. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण बुडून गेले. पक्षी बघायला निघालेली माणसं नव्हती ती, नेहमीच्या वाटेने पलीकडे चाललेली होती.

कारण समजून घ्या. वळवाच्या ढगातून पाऊस खाली पडताना वाटेत त्याचं बाष्पीभवन होतं, हवा गार आणि जड होते, ती जमिनीवर आदळते आणि चारी बाजूंना पसरते. ढग अजून काही किलोमीटर दूर असतानाच गार वाऱ्याचा लोट येऊन पोचतो. उकाड्यात तो फार बरा वाटतो. तोच इशारा असतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरचा वारा ६० झाला, तर वेग चौपट आणि जोर सोळापट. उघड्या पाण्यावर लाटांना अडवायला काही नसतं. त्यामुळे या दिवसांत बोट उजाडताच सोडायची आणि दहापर्यंत काठाला लागायचं. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, फळीखाली ठेवायचं नाही. नावाडीदादा "आज नको" म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालायचा नाही. शंभर किलोमीटर आलोय, हे कारण पाण्याला कळत नाही.

विजेचा नियम सोपा आहे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि ती पुढची उडी तुमच्या डोक्यावर मारू शकते. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. गाडीचं पत्र्याचं कवच वीज बाहेरून बाहेर जमिनीत नेतं, फॅरेडेचं नाव दुसऱ्या सेमिस्टरमध्ये ऐकलंच असेल. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली, पाण्यात, तारेच्या कुंपणाजवळ थांबू नका. ट्रायपॉड खांद्यावर उभा धरून माळ ओलांडू नका. ग्रुपने असाल तर एकमेकांना खेटून उभे राहू नका. मोबाइल वीज ओढून घेतो ही मात्र अफवा आहे, उलट पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप त्यात असू द्या. आजूबाजूला वीज पडत असेल तर ते सांगतं.

अंड्यांवरची टिटवी

वाईट हवेत आपल्याला आडोसा शोधता येतो. अंड्यांवर बसलेल्या टिटवीला उठता येत नाही. मार्चपासून टिटवी आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर, नुसत्या खड्यांत अंडी घालतात. बांधकामाच्या खडीवर, कधीकधी इमारतीच्या गच्चीवरसुद्धा. एप्रिलच्या दुपारी उघडी जमीन पन्नास अंशांच्या वर तापते आणि अंड्यातल्या जीवाला चाळिशीच्या वर फार काळ सोसत नाही. म्हणून दुपारी टिटवी अंडी उबवत नसते, ती त्यांच्यावर सावली धरून उभी असते. जोडीतला एकजण पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. आपला डेझर्ट कूलर! एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० जूल उष्णता लागते. वीस ग्रॅमचं अंडं धरून हिशेब करून पाहा, कागदावर तीस अंशांपेक्षा जास्त थंडावा निघतो. प्रत्यक्षात जमीन आणि हवा उष्णता परत देत राहतात, म्हणून तिला सारख्या फेऱ्या माराव्या लागतात.

अशा वेळी तिच्या घरट्यापाशी कॅमेरा घेऊन वीस मिनिटं बसलो तर ती डोक्यावर ओरडत फिरते आणि अंडी खाली तापतात. फोटो छान येतो. म्हणून मार्चनंतर टिटवी ओरडायला लागली की ज्या वाटेने आलो त्याच वाटेने मागे फिरायचं, घरटं शोधायचं नाही आणि त्याची जागा कोणाला कळवायची नाही. अपवाद आपल्या आवारातल्या बांधकामाचा. तिथे मात्र कॉन्ट्रॅक्टरला आणि वॉचमन मामांना जागा दाखवून चार विटा आजूबाजूला ठेवायला सांगावं.

गारपीट किंवा वादळानंतर जखमी नाहीतर दमलेले पक्षी आवारात सापडतात. मेअखेरच्या वादळांत नवरंगसुद्धा इमारतींत शिरलेला सापडतो, हिरवा-निळा-लाल, आखूड शेपटीचा. असा पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, भात भरवू नका, रूमवर पंख्याखाली ठेवून सगळ्या विंगला दाखवू नका. नुसता दमलेला असेल तर तासा-दोन तासांत उडून जातो. नाही गेला तर वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तो पाळायला ठेवता येत नाही.

सामान

फार नको. दुर्बीण घ्यायची तर ८ × ४० किंवा ८ × ४२. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८ × ४२ ला सव्वापाच मिलिमीटर, खिशातल्या १० × २५ ला फक्त अडीच. भर उन्हात फरक कळत नाही, पण ढगाळ पहाटे छोट्या दुर्बिणीत सगळेच पक्षी काळे दिसतात. चौघांत एक घेतली तरी चालते. एक जाड प्लास्टिकची पिशवी, दोन लिटर पाणी, टोपी, पेन्सिल (पेनची शाई ओल्या कागदावर पसरते). पुस्तकांत सलीम अलींचं १९४१ साली प्रथम निघालेलं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' लायब्ररीत मागा, आणि मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश'. एकाच पक्ष्याला कोकणात एक नाव आणि विदर्भात दुसरं, हा घोळ तिथे बराच सुटतो. छत्री मात्र नको. वाऱ्यात उलटी होते आणि पक्षी तिला घाबरतात.

वही

आपल्या आवारासाठी एक रस्ता ठरवू या. मेन गेट, जुनी झाडं, वर्कशॉपमागचा नाला, ग्राउंड, परत मेस. साधारण दीड किलोमीटर, एक तास. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपासून मेच्या शेवटच्या रविवारपर्यंत, उजाडल्यावर अर्ध्या तासाच्या आत निघायचं. पीएलमध्ये ज्याचा पेपर लांब असेल त्याने जायचं, सुट्टीत स्टाफ क्वार्टर्समधल्या मंडळींनी. वहीत रकाने एवढेच: तारीख, वेळ, कोण, ढग (आकाशाचे आठ भाग कल्पून किती झाकले ते), वारा (पानं हलत नाहीत, पानं हलतात, लहान फांद्या हलतात, मोठ्या फांद्या हलतात), आदल्या दिवशी पाऊस किंवा गारा झाल्या का, आणि मग पक्षी व संख्या. हवामानाचे रकाने निघण्यापूर्वीच भरायचे. नंतर भरले की कमी पक्षी दिसलेल्या दिवशी वारा आपोआप जास्त लिहिला जातो.

वीज असेल तर जायचं नाही. त्या रविवारी, किंवा कोणीच उठलं नाही त्या रविवारी, शून्य लिहायचं नाही, रकाना कोरा ठेवायचा आणि कारण लिहायचं. गेलो आणि दिसला नाही तर शून्य, गेलोच नाही तर कोरा. हे दोन मिसळले तर वरचं सगळं गणित वाया.

वही मेसच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असेल. पेन्सिल दोरीने बांधली आहे, ती कृपया तिथेच राहू द्या.